चौथ्या कँपची स्वयंपाकीण

श्रीरंगराव खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. कॅलिफोर्नियात, सांता क्लाराच्या ज्या कंपनीत ते कॉम्प्युटरच्या चिपांचे आराखडे करत, तिथे तर लोकांना त्यांच्या खरेपणाचाच वैताग यायचा. दुसऱ्याच्या आराखड्यातली चूक ते भर मीटिंगमध्ये, त्याच्या बॉसच्या देखत, दशांशासकट सांगत. पण असा माणूस जन्मात एकदा खोटं बोलतो तेव्हा असं काही बोलून ठेवतो, की ते निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

त्यांचं ते खोटं १९८४च्या दिवाळीत जन्माला आलं. महाराष्ट्र मंडळाचा पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण, होता, हातात चकली होती, आणि कोणीतरी सहज विचारलं, "मृणालिनी काय करते हल्ली?" खरं उत्तर असं होतं, की त्यांची एकुलती एक मुलगी इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यावर टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरात निघून गेली होती आणि तिथे दहा हजार फुटांवरच्या एका कँपवर तिने उन्हाळाभर चाळीस-पंचेचाळीस माणसांचा स्वयंपाक केला होता. श्रीरंगरावांनी चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "सिएरात असते. रिसर्च करते."

मग ते रिसर्च वाढीला लागलं. संक्रांतीपर्यंत ते पाण्याचं झालं, गुढीपाडव्यापर्यंत उंचावरच्या पाण्याचं. त्यांचे मित्र डॉक्टर प्रताप, नागपूरचे, हृदयरोगांचे मोठे स्पेशालिस्ट आणि स्वभावाने मोकळेढाकळे, त्यांना तर या रिसर्चचं इतकं कौतुक, की ते आपल्या पेशंटांनाही सांगत. पद्मिनीबाई, म्हणजे श्रीरंगरावांच्या पत्नी, अशा वेळी उठून पाणी प्यायला जात. दोन वर्षांत त्या खूप पाणी प्यायल्या.

श्रीरंगरावांना मुलीच्या शिक्षणाचं वाईट वाटलं, हे खरंच. पण इंजिनिअरिंग सोडून ती चित्रकार झाली असती, तर त्यांनी चार दिवस आदळआपट करून मंडळात तिची चित्रं लावली असती. त्यांना लागलं ते स्वयंपाकाचं. कारण त्यांची आई स्वयंपाकीण होती. नवरा गेल्यावर तिने पुण्यात चार घरच्या पोळ्या लाटल्या, मुंजी-मंगळागौरींचे सोवळ्यातले स्वयंपाक केले आणि त्यावर श्रीरंगला शिकवलं. अमेरिकेत कोणी आईबद्दल विचारलं की श्रीरंगराव म्हणत, "आई घरीच असायची." कुणाच्या घरी, ते सांगत नसत. मृणालिनीलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. आजी म्हणजे तिच्यासाठी भिंतीवरचा एक फोटो होता. त्या स्वयंपाकघरातून वर येण्यात आपलं सगळं आयुष्य गेलं आणि आपली पोरगी आपण होऊन पुन्हा तिथेच जाऊन उभी राहिली, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

१९८६च्या मे महिन्यात प्रतापरावांचा फोन आला. "श्रीरंग, लॉटरी लागली यार! चौघांची. ऑगस्टमध्ये सिएराचा पाच कँपांचा फेरा. आणि तुझी मृणालिनी त्याच भागात असते ना? तिला पण भेटू."

हा फेरा म्हणजे डोंगरातली एक गोल वाट. एका दिवसाच्या चालीवर एक, असे पाच कँप. प्रत्येक ठिकाणी कॅनव्हासचे तंबू, लोखंडी खाटा आणि एका मोठ्या तंबूत लांब टेबलांवर गरम जेवण. पाठीवर फक्त कपडे आणि पाणी घ्यायचं, बाकी सगळं सामान खेचरांवरून येतं. बर्फ वितळल्यापासून जेमतेम दहा आठवडे हे कँप उघडे असतात आणि लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघतात. असा नंबर लागल्यावर नाही म्हणायला कारण काय सांगणार? शिवाय चौथा कँप मृणालिनीचा होता. श्रीरंगरावांनी गुडघा दुखत असल्याचं सांगून पाहिलं. डॉक्टर मित्राला गुडघ्याची थाप मारायची म्हणजे कमालच. प्रतापरावांनी घरी येऊन गुडघा तपासला आणि तो घोड्यासारखा असल्याचा निर्वाळा दिला.

तेव्हा निघायच्या दहा दिवस आधी श्रीरंगरावांनी मुलीला पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, कारण तिला देवनागरी धड वाचता येत नव्हती, आणि दुसरं म्हणजे असल्या गोष्टी इंग्रजीत लिहिताना लाज जरा कमी वाटते. प्रतापकाका आणि सरलाकाकू येत आहेत. त्यांच्यासमोर तू पाण्याच्या अभ्यासासाठी इथे असतेस असं सांग. स्वयंपाकघरात हौस म्हणून मदत करतेस असं म्हण. माझ्यासाठी एवढं कर. पत्र पेटीत पडलं आणि श्रीरंगरावांना तीन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोप लागली.

सोमवारी सकाळी चौघं चालायला लागले. प्रतापराव पुढे, गळ्यात कॅमेरा. मागे सरलाकाकू, त्यांच्या पिशवीत पाच दिवसांचा चिवडा. मग पद्मिनीबाई, कॅनव्हासच्या बुटांत आणि सलवार-कमीझमध्ये, तोंडाने एक शब्द न बोलता सगळ्यांत सहज चढणाऱ्या. शेवटी श्रीरंगराव. पायवाट ग्रॅनाइटच्या पांढऱ्या धोंड्यांमधून वर जात होती आणि हवा इतकी विरळ होती, की प्रतापरावांचंसुद्धा बोलणं निम्म्यावर आलं.

पहिल्या कँपवर जेवायला बसले, तेव्हा सूप वाढायला आलेल्या दाढीवाल्या मॅनेजरने विचारलं, "पूर्ण फेरा करताय? मग चौथ्या कँपवर पोट रिकामं ठेवून जा. लिनीचा ब्रेड खाल्ल्यावर आमचा विसरून जाल."

"लिनी कोण?" प्रतापरावांनी विचारलं.

"चौथा कँप तीच चालवते. तीन उन्हाळे झाले. स्वयंपाकही तीच करते. या डोंगरात तिच्या तोडीचं कोणी नाही."

श्रीरंगरावांचा घास हातातच राहिला. मृणालिनीचं या लोकांनी लिनी केलं होतं, हे त्यांना तिच्या पत्रांवरून माहीत होतं. पण कँप चालवते? ती तर स्वयंपाकाला मदतनीस म्हणून गेली होती. त्यांनी पद्मिनीबाईंकडे पाहिलं. पद्मिनीबाई सूप पीत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. मुलगी आईला वेगळी पत्रं लिहायची आणि श्रीरंगरावांनी ती कधी मागितली नव्हती.

"तुझ्या मृणालची नि या लिनीची ओळख असेल नाही?" प्रतापरावांनी विचारलं.

"असेल," श्रीरंगराव म्हणाले.

दुसऱ्या कँपवर रूथबाई भेटल्या. या निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, दर वर्षी हा फेरा करणाऱ्या. त्यांनी आपण होऊन गेल्या सप्टेंबरची हकीकत सांगितली. अचानक बर्फ पडायला लागला, खिंड बंद झाली आणि चौथ्या कँपवर एकतीस माणसं अडकली. खेचरं येईनात. लिनीने पहिल्याच रात्री सगळ्यांना सामानाच्या तंबूत नेलं, काय काय शिल्लक आहे ते उघड दाखवलं आणि सांगितलं, हे चार दिवस पुरेल, मी पुरवीन. "आणि पुरवलं हो," रूथबाई म्हणाल्या. "एकही माणूस उपाशी झोपला नाही. म्हाताऱ्यांना आधी वाढायची, स्वतः शेवटी जेवायची. तिसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर फावडं घेऊन सगळ्यांच्या पुढे वाट करत निघाली. त्या मुलीच्या आईवडिलांना कधी भेटले, तर मला त्यांना काहीतरी सांगायचंय."

आईवडील समोरच बसले होते. एक जण टेबलाकडे बघत होता आणि दुसरी त्या एकाकडे.

श्रीरंगरावांची छाती अशी भरून आली होती, की उठून ओरडावंसं वाटत होतं. माझी आहे ती! माझी पोरगी! एकतीस माणसं जगवली तिने! बापाला अभिमान वाटायला असतं तरी काय आणखी? पण तोंड उघडायची सोय राहिली नव्हती, आणि ते त्यांनी स्वतःच शिवून घेतलं होतं. जेवण संपल्यावर ते तंबूमागच्या ओढ्यावर गेले आणि बराच वेळ थंड पाण्यात पाय सोडून बसले.

पद्मिनीबाई मागून आल्या. "पत्र लिहिलंत ना तुम्ही तिला?"

"तुला कसं कळलं?"

"दहा दिवस चांगले झोपत होतात. काय लिहिलंत?"

त्यांनी सांगितलं. पद्मिनीबाई एरवी भांडल्या असत्या. या वेळी नुसत्या म्हणाल्या, "ती तसंच म्हणेल. तुम्ही सांगितलंत म्हणून म्हणेल. मग ऐकाल ना कानांनी?" आणि निघून गेल्या. भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

त्या क्षणापासून श्रीरंगरावांना एकच ध्यास लागला, की ते पत्र तिच्या हातात पडता कामा नये.

आणि नशिबाने त्यांना संधीही दिली. तिसऱ्या कँपवर बुधवारी दुपारी पोचले, तर खेचरांचा तांडा तिथेच मुक्कामाला होता. आठवड्यातून एकदा तो पिठाची पोती, भाज्या, गॅसच्या टाक्या आणि टपाल घेऊन कँप करत जातो. उद्या तो चौथ्या कँपवर जाणार होता. गेल्या आठवड्याची खेप पत्राला गाठता आली नसणार, म्हणजे ते अजून वाटेतच होतं. तांडेवाला वेस नावाचा एक सुकलेला, बोलायला कंटाळणारा म्हातारा होता. श्रीरंगरावांनी त्याला गाठलं आणि टपालाच्या थैलीत आपलं एक पत्र आहे, ते परत हवंय, असं सांगितलं.

"नाव कोणाचं आहे वर?"

"माझ्या मुलीचं. पण लिहिलंय मी."

"मग तिचं आहे ते," वेस म्हणाला आणि खेचराच्या पाठीवरची धूळ झटकायला लागला. श्रीरंगरावांनी कंपनीचं ओळखपत्र दाखवलं, हस्ताक्षर जुळवून दाखवायची तयारी दाखवली. वेसने नाल बघायला खेचराचा पाय उचलला.

"सकाळी किती वाजता निघता?" श्रीरंगरावांनी शेवटी विचारलं.

"सात."

गुरुवारी पहाटे साडेपाचला श्रीरंगराव एकटेच चालू लागले. मागे निरोप ठेवला, की सकाळची हवा छातीला चांगली. बेत सरळ होता. आठ मैलांची वाट, दीड तासाची आघाडी, तांड्याच्या आधी पोचायचं आणि मुलीला सांगायचं, की पत्र येईल ते न उघडता चुलीत घाल. सांता क्लाराचा एक मोठा इंजिनिअर वयाच्या चौपन्नाव्या वर्षी खेचरांशी शर्यत लावून डोंगर चढत होता. वेळेचा आणि अंतराचा हिशेब त्यांनी बिनचूक केला होता. फक्त चढ धरायचा राहून गेला होता.

खिंडीखालच्या शेवटच्या वळणांवर त्यांचा श्वास पंचवीस पावलांवर संपायला लागला. मग पंधरा पावलांवर. खिंड जेमतेम शंभर फूट राहिली होती, तेव्हा खालून घंटा ऐकू आली. डोंगरातला नियम असा, की खेचरं आली की माणसाने वाट सोडायची आणि ती जाईपर्यंत हलायचं नाही, नाहीतर ती बुजतात. श्रीरंगराव एका धोंड्याला टेकून उभे राहिले. सात खेचरं एकामागून एक शांतपणे वर गेली. तिसऱ्याच्या पाठीवर कातडी थैली होती. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. घोड्यावरच्या वेसने टोपीला बोट लावलं. श्रीरंगरावांनीही मान हलवली, दुसरं करणार काय?

चौथा कँप एका तळ्याच्या काठी होता. श्रीरंगराव उतरले तेव्हा खेचरं मोकळी होऊन गवत खात होती आणि पिठाची पोती आत गेली होती. मोठ्या तंबूच्या दारात मृणालिनी उभी होती. उन्हाने काळवंडलेली, केस रुमालात बांधलेले, कोपरांपर्यंत पीठ, एप्रनच्या खिशातून एका लिफाफ्याचं टोक बाहेर आलेलं.

"बाबा," ती म्हणाली. "पत्र मिळालं."

"मृणाल, ऐक, ते..."

"काळजी करू नका. आय अंडरस्टँड." तिने त्यांच्या पाठीवरची पिशवी उतरवून घेतली, पाण्याचा मग हातात दिला, वर दोन मग पाणी जबरदस्तीने प्यायला लावलं. "इथे पाणी कमी पडलं की डोकं दुखतं. आता झोपा तासभर. माझी कणीक आत पडली आहे." आणि ती गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना धरायला काहीतरी मिळालं असतं.

दुपारभर ते तिला एकटं गाठायचा प्रयत्न करत होते. पण ती एक मिनिट रिकामी नव्हती. पाण्याची टाकी, लाकडं, कोणाच्या तरी टाचेचा फोड, वेसच्या खेचराचा सैल नाल, उद्या निघणाऱ्यांचे डबे. सगळे तिलाच विचारत होते आणि ती सगळ्यांना उत्तरं देत होती, हात न थांबवता. श्रीरंगरावांच्या हाताखाली तीस माणसं होती, पण अशी कामं त्यांनी कधी हाताळली नव्हती. तेवढ्यात बाकीचे तिघं पोचले. पद्मिनीबाईंनी मुलीला पिठासकट जवळ घेतलं. प्रतापराव ओरडले, "अरे, आमच्या सायंटिस्टबाई! आणि या एप्रनमध्ये काय करताय?"

"मदत करतेय, काका," मृणालिनी म्हणाली.

संध्याकाळी सहाला घंटा झाली. त्रेचाळीस माणसं टेबलांना बसली. भाज्यांचं दाट सूप, लोण्याचा गोळा, आणि तो ब्रेड, ज्याच्या वासाने सरलाकाकू चिवड्याची पिशवी विसरून गेल्या होत्या. या कँपची एक रीत होती. पहिला घास घेण्याआधी प्रत्येकाने उभं राहून नाव, गाव आणि काम सांगायचं, म्हणजे टेबलावर कोणी परकं राहत नाही. सुरुवात यजमानाने करायची.

मृणालिनी चुलीपाशी उभी राहिली. तिने एप्रनला हात पुसले. "मी मृणालिनी. सांता क्लाराची. मी इथे उंचावरच्या पाण्याचा अभ्यास करते. स्वयंपाकघरात हौस म्हणून मदत करते."

शब्द न शब्द पत्रातला होता. पहिल्या टेबलावर बसलेल्या रूथबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. वेसने टोपी डोळ्यांवर ओढली. प्रतापरावांनी अभिमानाने शेजारच्याला कोपर मारलं.

आणि श्रीरंगरावांना पुण्यातलं एक स्वयंपाकघर आठवलं. ते अकरा वर्षांचे होते. वर्गातल्या एका मुलाच्या घरी मुंज होती आणि आत त्यांची आई चुलीपुढे बसली होती. त्या मुलाने विचारलं, "ती तुझी आई का रे?" श्रीरंग काही बोलायच्या आधीच आईने मान वर करून सांगितलं, "नाही रे बाळ, मी स्वयंपाकाला येते." त्याची लाज वाचावी म्हणून तिने ते म्हटलं होतं. आणि श्रीरंग गप्प बसला होता. घरी जातानाही त्या दोघांनी तो विषय काढला नाही, त्यानंतर ती होती तोवर कधीच काढला नाही. पण तो अकरा वर्षांचा होता तेव्हा. आता गप्प बसायचं वय राहिलं नव्हतं.

त्यांची पाळी यायला अजून सहा माणसं होती. ते तसेच उभे राहिले.

"माझं नाव श्रीरंग," ते इंग्रजीत म्हणाले. "ही आत्ता जे बोलली ते खोटं आहे. मी पत्र लिहून तिला तसं बोलायला सांगितलं. मला लाज वाटत होती. ती अभ्यास वगैरे काही करत नाही. ती इथली स्वयंपाकीण आहे. हा कँप तीन वर्षं ती चालवते. गेल्या सप्टेंबरात एकतीस माणसांना बर्फात तिने जेवू घातलं, हे मला चार दिवसांत परक्या लोकांनी सांगितलं. माझी आईसुद्धा स्वयंपाकीण होती. लोकांच्या घरी. तिने मला शिकवलं आणि मी ते पंचवीस वर्षं लपवलं. तर मी एका स्वयंपाकिणीचा मुलगा आहे आणि एका स्वयंपाकिणीचा बाप आहे. उरलेल्या वेळात मी चिपा बनवतो."

ते खाली बसले. पद्मिनीबाईंनी टेबलाखाली त्यांचा हात धरला आणि तो इतका घट्ट दाबला, की अंगठी रुतली.

मग प्रतापराव उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी प्रताप, मूळचा नागपूरचा, आणि आता सांता क्लाराचा. हृदयाचा डॉक्टर," त्यांनी सांगितलं आणि मग मराठीत श्रीरंगरावांकडे वळले. "गाढवा, दोन वर्षं मी पेशंटांना हिचं पाण्याचं रिसर्च सांगत सुटलोय! एकाला तर म्हटलं, तिच्या लॅबमधून पाणी मागवून देतो!" त्यांना हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागले. "आणि आईचं माझ्यापासून लपवलंस? माझ्यापासून? मृणाल, आधी मला ब्रेड वाढ. तुझ्या बापाला शेवटी."

"नाही काका," मृणालिनी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "ओळखी पूर्ण झाल्याशिवाय कोणी जेवत नाही. नेक्स्ट?"

रूथबाई उठल्या. आपलं नाव-गाव सांगायचं सोडून त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि श्रीरंगराव नि पद्मिनीबाई दोघांचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "मला जे सांगायचं होतं ते आता तुम्हाला माहीतच आहे."

दुसऱ्या दिवशी पाचव्या कँपकडे निघायचं होतं. श्रीरंगराव उजाडताच मोठ्या तंबूत गेले. मृणालिनी एकटीच चुलीपुढे होती. दहा हजार फुटांवर पाणी नव्वद डिग्रीच्या आतच उकळतं, त्यामुळे संध्याकाळच्या सूपचा राजमा तिला सकाळीच चढवावा लागे. मोठं पातेलं रटरटत होतं.

"रागावलीस?"

"खूप. पत्र वाचून इतकी मॅड झाले बाबा, की ती सगळी कणीक बुकलून काढली. दॅट्स व्हाय ब्रेड तसा झाला."

"मग बोललीस कशाला तसं?"

तिने खांदे उडवले. "तुम्ही कधी काही मागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलंत. नाही कसं म्हणणार?"

तिने त्यांच्यापुढे कांद्यांची टोपली आणि सुरी ठेवली. ते सोलायला बसले.

"आजी किती लोकांचं करायची?" तिने विचारलं.

"मोठं कार्य असलं की दीडशे पानं."

"वन फिफ्टी! किती हेल्पर्स?"

"वरकामाला दोघी. बाकी ती एकटी."

"आणि स्टोव्ह?"

"चुली. लाकडाच्या. धूर असायचा डोळ्यांत. माझा अभ्यास तिथेच व्हायचा, पोत्यावर बसून."

ती पुढे आली, खुर्ची ओढून बसली. तिचे प्रश्न संपेनात. भात किती वेळ आधी लावायची? पातेली कोण उचलायचं? दमायची का? आणि श्रीरंगराव बोलत होते. चाळीस वर्षांत कोणाशी बोलले नव्हते ते सगळं बोलत होते. आईचे हात कसे होते, नऊवारीचा काचा कसा घट्ट मारायची, पंगत उठल्यावर यजमानीण विचारायला आली की कशी ताठ उभी राहायची.

"मीठ?" मृणालिनीने विचारलं. "दीडशे लोकांचं मीठ कसं जमायचं? मी चाळीस जणांचं सूप दहा वेळा चाखते."

"चाखायचं नाही. सोवळ्यातला स्वयंपाक. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला लावायचंच नाही."

मृणालिनीचा हात थांबला. तीन वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसालाच कळावं, असं काहीतरी तिला कळलं होतं. "न चाखता? दीडशे लोकांचं?"

"झाकण काढून वास घ्यायची. डोळे मिटून. मग सांगायची, अजून अर्धी मूठ. कधी चुकली नाही. एकदाही नाही, मृणाल."

तिने उठून पातेल्याचं झाकण काढलं. "बघा बरं. सांगा मला."

श्रीरंगरावांनी वाकून वास घेतला. चष्म्यावर वाफ धरली. राजमा, धूर, तमालपत्र. त्यांनी चष्मा काढून पुन्हा वास घेतला. "मला नाही कळत गं. तिला कळायचं. तू बघ."

मृणालिनी पातेल्यावर वाकली. तिने डोळे मिटले. वाफ तिच्या तोंडावरून, रुमालातून सुटलेल्या केसांतून वर जात होती. ती बराच वेळ तशीच होती. मग डोळे न उघडता तिने हात लांब करून बरणी घेतली, थोडंसं मीठ मुठीत धरलं, एक क्षण थांबली आणि त्यातलं निम्मं परत टाकून उरलेलं पातेल्यात सोडलं.

"बरोबर आहे?" तिने विचारलं. चमचा तिच्या हाताशीच होता. तिने तो उचलला नाही.

श्रीरंगरावांनी आपल्या मुलीकडे पाहिलं, तिच्या भाजलेल्या बोटांकडे, चुलीच्या आचेने लाल झालेल्या तोंडाकडे.

"बरोबर आहे," ते म्हणाले.